अपंग स्त्रीची फिर्याद

इंग्रजी अमदानींत, इ. स. १८७२ सालीं, हिंदुस्थानासाठीं पुराव्याचा कायदा झाला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडितानें त्याचा मसुदा केला आणि त्यांत मुक्या साक्षीदारासाठीं ११९ वें कलम स्वतंत्रपणें घातलें. ज्याला बोलतां येत नाहीं त्यानें लिहून किंवा खुणांनीं साक्ष द्यावी. मात्र तें लिहिणें व त्या खुणा भर न्यायालयांत झाल्या पाहिजेत, म्हणजे ती तोंडी साक्षच समजली जाईल, असा त्या कलमाचा आशय. त्या काळाच्या मानानें ही तरतूद उदार होती यांत संशय नाहीं. तथापि हें औदार्य साक्षीदार न्यायासनासमोर उभा राहिल्यानंतर सुरू होतें. घरांत मार खाणारी एखादी मुकी, आंधळी किंवा पांगळी स्त्री तेथपर्यंत पोंचावी कशी, याचा नीट विचार व्हावयास पुढें जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

अपंग स्त्रीवरील जुलूम पुष्कळ वेळां घरच्याच माणसाकडून होतो. जो तिला जेवूं घालतो, न्हाऊं घालतो, दवाखान्यांत नेतो, त्याच्याच विरुद्ध तिला फिर्याद करावयाची असते. धडधाकट सुनेला नवऱ्यानें मारलें तर ती निदान माहेरची वाट धरते, शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसते. चाकाच्या खुर्चीवांचून हलूं न शकणाऱ्या स्त्रीची खुर्ची दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवली, कीं दार न लावतांच ती कोंडली जाते. यास जुलूम म्हणावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न फार दिवस कायद्यास पडलाच नव्हता. शिवाय चौकीवर गेल्यावर मुक्या स्त्रीच्या खुणांचा अर्थ सांगावयाचा कोणी? घरच्यांनींच! चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतहि बहिऱ्या मुलीस खुणांची रीतसर भाषा न शिकवितां चार घरगुती खुणांवर भागविलेलें आढळतें. मग त्या खुणा ज्याला कळतात तोच आरोपी असतो, किंवा आरोपीचा बाप, भाऊ नाहीं तर चुलता.

२०१२ सालीं राजस्थानांतील एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें याविषयीं महत्त्वाचा खुलासा केला. खटला खुनाचा होता, परंतु साक्षीदार स्त्री मूकबधिर होती. दुभाषा साक्षीदाराच्याच परिसरांतला असावा, पण त्याचा खटल्यांत हितसंबंध नसावा, व त्यास शपथ दिली जावी, असें न्यायालयानें सांगितलें. तसेंच नोंद व्हावयाची ती केवळ दुभाषानें लावलेल्या अर्थाची नव्हे, तर मूळ खुणांची. हें योग्यच होय. खूण कागदावर उतरलीच नाहीं, तर वरच्या न्यायालयानें तपासावयाचें काय?

बरें, घर सुटलें म्हणजे संकट सुटलें असेंहि नाहीं. १९९४ सालीं शिरूर येथील सरकारी संस्थेंतील कांहीं मतिमंद स्त्रियांचीं गर्भाशयें पुण्याच्या ससून रुग्णालयांत काढून टाकण्यांत आलीं. मासिक पाळीच्या वेळीं त्यांना स्वच्छता राखतां येत नाहीं, हें कारण. त्यावरून मोठा गदारोळ झाला. कांहींनीं शस्त्रक्रियेचें समर्थनहि केलें; परंतु गर्भाशय काढल्यानें बलात्कार टळत नाहीं, फार तर त्याची खूण पुसली जाते, हें त्या समर्थकांच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें २००९ सालीं चंदीगड येथील सरकारी आश्रयगृहांत राहणारी एक अनाथ, सौम्य मतिमंद तरुणी तेथेंच झालेल्या बलात्कारामुळें गरोदर राहिली. उच्च न्यायालयानें गर्भपाताचा हुकूम दिला. तिला तर मूल हवें होतें. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठानें तो हुकूम थांबविला आणि तिच्या संमतीवांचून गर्भपात करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. जेथें आश्रय म्हणून ठेवावयाचें तेथेंच असा प्रसंग ओढवावा, याहून वेगळें दूषण त्या व्यवस्थेस द्यावयास नको.

संमतीचाच प्रश्न त्यापूर्वीं, २००३ सालीं, गोव्यांतील एका खटल्यांत निराळ्या रीतीनें आला होता. मतिमंद मुलीवर झालेला अत्याचार तिला दिवस गेल्यावर घरच्यांच्या लक्षांत आला. अर्थातच फिर्याद उशिरां झाली. आरोपीनें संमतीचा बचाव घेतला. असहायपणें सोसणें म्हणजे संमति नव्हे, आणि केवळ उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी ठरत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें.

खरा पालट झाला तो दिल्लीच्या डिसेंबर १९१२ च्या नव्हे, २०१२ च्या अमानुष प्रकारानंतर. न्यायमूर्ति वर्मा समितीनें जानेवारी २०१३ मध्यें अहवाल दिला आणि त्याच वर्षीं फौजदारी कायदे सुधारले गेले. बलात्कारासारख्या गुन्ह्याला बळी पडलेली स्त्री अपंग असेल, तर पोलिसांनींच तिच्या घरीं किंवा तिला सोईच्या जागीं जावें. दुभाषा अथवा विशेष शिक्षक हजर असतां तिची फिर्याद घ्यावी. त्याचें चित्रण करावें. दंडाधिकाऱ्यासमोर झालेला तिचा असा जबाब ही तिची सरतपासणीच मानावी, म्हणजे तीच हकीकत पुन्हां पहिल्यापासून सांगण्याचा प्रसंग येऊं नये. पुराव्याच्या कायद्यांतील 'मुका साक्षीदार' हे शब्दहि तेव्हांच गेले. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता अमलांत आल्या, त्यांतहि या तरतुदी कायम आहेत.

२०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा त्याहून पुढें गेला. अपंग व्यक्तीच्या सहाय्यक साधनाची जाणूनबुजून नासधूस करणें किंवा त्याच्या वापरांत अडथळा आणणें, आणि जी आपल्या ताब्यांत आहे तिला अन्नपाणी नाकारणें, हे त्यानें गुन्हे ठरविले; शिक्षा सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत. खुर्ची दूर नेऊन ठेवण्याच्या त्या जुन्या जुलमास अखेर नांव मिळालें. जुलूम होत असल्याचें जिला स्वतः सांगतां येत नाहीं तिच्या वतीनें दुसऱ्या कोणालाहि कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे खबर देतां येते.

कायदा असा पुढें गेला, पण मदतीच्या जागांचें काय? मुंबईंत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत महापालिका आणि सेहत ही संस्था यांनीं इ. स. २००० च्या सुमारास 'दिलासा' केंद्र काढलें. त्यामागची कल्पना साधी, पण फार शहाणपणाची होती: बाई दवाखान्यांत जाते म्हटल्यावर घरीं संशय येत नाहीं. जिला औषधपाण्यासाठींच काय तें घराबाहेर पडतां येतें, अशा अपंग स्त्रीला तर ही जागा विशेष सोईची. पुढें २०१५ पासून केंद्र सरकारची 'सखी' केंद्रें निघालीं. तेथें उपचार, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका छपराखालीं मिळावें आणि पांच दिवसांपर्यंत राहतां यावें, अशी योजना आहे. १८१ या क्रमांकावर दूरध्वनि करण्याचीहि सोय झाली. पण बहिऱ्या स्त्रीला दूरध्वनीचा उपयोग काय? न्हाणीघराच्या अरुंद दारांतून खुर्ची आंत जात नसेल, तर पांच दिवस राहावें कसें? सोबतीला मदतनीस लागते म्हणून आश्रयगृहानें घेण्याचें नाकारलें, तर परत जावयाचें तें त्याच घरीं.

२७ एप्रिल २०२१ रोजीं न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड व एम. आर. शहा यांनीं आंध्र प्रदेशांतील एका खटल्याचा निकाल दिला. दुभाषे व विशेष शिक्षक तयार करावेत, पोलिसांस व न्यायाधीशांस शिक्षण द्यावें, अपंग स्त्रियांवरील गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवावी, अशा सूचना त्यांत आहेत. ती एकोणीस वर्षांची जन्मांध, अनुसूचित जातींतील मुलगी. आई बाहेर नळावर गेली असतां भावांचा एक ओळखीचा माणूस घरांत शिरला. तो कोण हें तिनें आवाजावरून ओळखलें, आणि डोळस साक्षीदाराच्या ओळखीइतकीच ती ओळख न्यायालयानें ग्राह्य धरली. गुन्हा घडला होता मार्च २०११ मध्यें.