बेकलच्या किल्ल्यावरील प्रभातग्रहण

आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून सकाळचें खग्रास ग्रहण पाहावयाचें, तर समुद्राकडे पाठ करून उभें राहावें लागतें. आपला सूर्य डोंगरामागून उगवतो. चंद्राची छाया मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे धांवत असल्यामुळें ती पाठीमागून, पाण्यावरून येते. १२ डिसेंबर १८७१ रोजीं इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर ह्यांनीं हा योग साधिला, तो हल्लीं केरळांत असलेल्या बेकलच्या समुद्रकांठच्या किल्ल्यावर.

सूर्य उगवून फार वेळ झाला नव्हता, आणि खग्रास स्थिति अवघी दोन मिनिटांची. विलायतेहून बोटीनें यंत्रें आणिलीं तीं एवढ्यासाठीं! आणि तीं दोन मिनिटेंहि हातचीं जाण्याचा प्रसंग आला. जमलेले गांवकरी राहूला पळवून लावण्याकरितां गवताच्या मोठमोठ्या आगट्या पेटविणार होते. पोलीस-अधिकाऱ्यानें त्यांना आवरलें नसतें तर धुरानें सूर्यच झांकला गेला असता. मला ह्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. ज्याच्यावर आपलें पीकपाणी, त्याच्यावर संकट आलें असें मानणारानें स्वस्थ बसावें तरी कसें?

त्या वेळीं वाद होता तो खग्रासांत सूर्याभोंवतीं दिसणाऱ्या प्रभामंडलाचा. तें खरोखर सूर्याचें, कीं आपल्याच हवेंत पसरलेला उजेड? बेकलला समुद्रसपाटीवर छायाचित्रें घेतलीं गेलीं, तशींच निलगिरींत आठ हजार फुटांहून उंच असलेल्या दोड्डबेट्टा शिखरावर. दोन्ही ठिकाणची हवा निराळी. पण प्रभेचे आकार जुळले! त्याच सकाळीं निलगिरींतच फ्रेंच पंडित जॅन्सेन ह्यांना त्या प्रभेच्या वर्णपटांत सूर्यप्रकाशांतल्या काळ्या रेषा आढळल्या. प्रभामंडल सूर्याचेंच, हें मत ह्यानें बळावलें.

ह्याच लॉकियरचें नांव आपल्या कोंकणांतहि घेतलें जातें. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि १८६८ सालच्या ग्रहणांत साहेबानें तेथूनच हेलियम शोधिला असें सांगतात. ही कथा गोड असली तरी खरी नव्हे. १८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाच्या वेळीं जॅन्सेन आंध्रांत गुंटूरला होते. लॉकियर इंग्लंडांतच होते. त्यांनीं २० ऑक्टोबर रोजीं, ग्रहण नसतांना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यांतील एक पिवळी रेषा कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळेना, म्हणून पुढें ‘हेलियम’ हें नांव निघालें. पृथ्वीवर तो वायु रॅम्से ह्यांना सांपडला १८९५ सालीं. विजयदुर्गास लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. मदतीला ‘मेल्पोमीनी’ युद्धनौकेचे खलाशी होते, आणि ग्रहण होतें दुपारचें.

त्याच दुपारीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला हेहि आपलीं यंत्रें लावून ग्रहणाचा वेध घेत होते. त्यांचा अहवाल पुढें छापून निघाला. जेऊरला त्यांच्या नांवाचा ओटा कोणी दाखवितो, असें मात्र माझ्या ऐकिवांत नाहीं.