मदुरेच्या रेशीमकारांची सौराष्ट्री भाषा

दक्षिणेतील मदुरा नगरीत मीनाक्षी मंदिराचे दर्शन घेऊन यात्रेकरू आग्नेयेकडे तिरुमल नायकाच्या महालाच्या दिशेने वळला, की त्या भागातील गल्ल्यांतून एक वेगळीच बोली त्याच्या कानी पडते. चारी बाजूंना तमिळ भाषा. पाट्या तमिळ, देवळे तमिळ, बाजार तमिळ. परंतु घराच्या ओसरीवर बसलेल्या वृद्धांचे परस्परांतील बोलणे तमिळ नव्हे, तेलुगूही नव्हे. ती आहे सौराष्ट्री. गुजराती, मराठी व कोकणी यांच्याच कुळातील ही भाषा द्राविडी भाषांच्या मध्यभागी किमान साडेतीनशे वर्षे नांदत आहे, आणि ती तेथवर नेली ती रेशीम विणणाऱ्या कारागिरांनी.

तमिळ लोक या समाजाला 'पट्टुनूलकारर' म्हणतात. पट्टु म्हणजे रेशीम, नूल म्हणजे सूत. अर्थात रेशमी सुताचे लोक. व्यवसायावरूनच ओळख पडली. जुन्या इंग्रजी दप्तरांत भाषेलाही 'पटनुली' असेच नाव दिलेले आढळते. समाज मात्र स्वतःस सौराष्ट्र म्हणवतो. मूळ भूमीचे नाव इतक्या दूरवर, इतकी शतके जपणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

या लोकांच्या स्थलांतराची कथा परंपरेने अशी सांगितली जाते. सोमनाथावर इसवी सन १०२५-२६ च्या सुमारास गझनीच्या महमूदाचा हल्ला झाल्यानंतर त्यांच्या पूर्वजांनी सौराष्ट्र सोडले. पुढे ते देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास आले. देवगिरीची सत्ता लयास गेल्यावर विजयनगरास गेले, आणि १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात विजयनगरचा पाडाव झाल्यावर तंजावर व मदुरा या नायकांच्या राज्यांत स्थिरावले. ही कथा लग्नविधीतही गुंफलेली आहे. वरपक्ष व वधूपक्ष यांच्यातील प्रश्नोत्तररूप संवादात 'कोठून आलात, कसे आलात' याचा पाढा वाचला जात असे. लिखित बखर नसलेल्या समाजाने आपला इतिहास मंगलकार्यात साठवून ठेवावा, ही युक्ती मोठी शहाणपणाची होती. कागद वाळवीच्या तोंडी जातो. लग्ने मात्र दरवर्षी होतातच.

परंपरेचा प्रत्येक टप्पा शिलालेखाने सिद्ध होईल असे नाही. तथापि गुजरातेतील रेशीमकार संघटितपणे दूरदेशी जात, याला भक्कम पुरावा आहे. मध्य प्रदेशातील मंदसोर, म्हणजे प्राचीन दशपूर, येथील संस्कृत शिलालेख प्रसिद्धच आहे. लाट देशातील, म्हणजे दक्षिण गुजरातमधील, रेशीम विणकरांची श्रेणी दशपुरास येऊन राहिली व तिने मालव संवत ४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन ४३७ च्या सुमारास, सूर्यमंदिर उभारले, असे त्यात कोरलेले आहे. पुढे ५२९ या वर्षी त्याचा जीर्णोद्धार झाला आणि त्या प्रसंगी वत्सभट्टीने हा लेख रचला. नव्या गावी आल्यावर श्रेणीतील काहींनी धनुर्विद्या पत्करली, काही ज्योतिषी झाले, काही कथा सांगू लागले. उरलेल्यांनी माग सोडला नाही. आपल्या मालाची प्रशंसा करावयासही कवी विसरलेला नाही: अलंकार घालून सजलेली स्त्रीदेखील रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्यावाचून प्रियकरास भेटावयास जात नाही, असा त्याचा भाव आहे. व्यापारी जाहिरातीचा इतका जुना व इतका देखणा नमुना क्वचितच सापडेल. मंदसोरची ती श्रेणी आणि मदुरेचा समाज यांचे थेट नाते सिद्ध झालेले नाही. मात्र धंदा, देश आणि रीत यांचे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही.

मदुरेत या कारागिरांना राजाश्रय मिळाला तो तिरुमल नायकाच्या काळात (१६२३ ते १६५९). राजवाड्याभोवतीची त्यांची वस्ती त्याचीच साक्ष देते. दरबाराला जरीरेशमी वस्त्रे हवी होती आणि ती विणणारे हात या लोकांपाशी होते. परंतु मान मिळणे पोट भरण्याइतके सोपे नव्हते. राणी मंगम्मालच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस वा अठराव्याच्या आरंभी, उपाकर्म म्हणजे जानवे बदलण्याचा विधी केला म्हणून या समाजातील अठरा प्रमुख मंडळींना अधिकाऱ्याने अटक केली. राणीने शास्त्रज्ञ पंडितांची सभा बोलावून निर्णय मागितला. निर्णय समाजाच्या बाजूने लागला आणि राणीने तसे ताडपत्र करून दिले. परप्रांतातून आलेल्या कारागिराला आपली भाषाच नव्हे, तर आपले आचारही सिद्ध करून दाखवावे लागतात, हे त्या ताडपत्रावरून ध्यानी येते.

आता भाषेकडे वळू. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात ही बोली गुजरातीच्या दालनात ठेवलेली आहे, आणि जनगणनेतही तिची गणना गुजरातीखालीच होते. पुढील अभ्यासकांना मात्र तिच्यात मराठी व कोकणीशी जुळणाऱ्या खुणाही दिसल्या. देवगिरीच्या मुक्कामाची परंपरा ध्यानात घेता यात नवल नाही. तरी तिला मराठीची पोटभाषा ठरविण्याचा मोह आवरलेला बरा. तंजावरची मराठी ही निराळी गोष्ट. ती व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गेली आणि ती मराठीच आहे. सौराष्ट्री ही स्वतंत्र भाषा आहे. तिचा पाया पश्चिम भारतातला, शब्दसंपत्तीत तेलुगूची मोठी भर, आणि तिच्या वळणावर तमिळचा संस्कार.

तिच्या स्वतंत्र लिपीतच या प्रवासाचे दोन दाखले सापडतात. तमिळ व तेलुगूप्रमाणे या लिपीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ, यांना वेगळी चिन्हे आहेत. देवनागरीत मराठी लिहिताना असा भेद करावा लागत नाही; ही दक्षिणेची देणगी. उलट म, न, र, ल या वर्णांना हकाराची जोड देण्यासाठी तिच्यात 'हारु' नावाचे खास चिन्ह आहे. मराठी माणूस 'म्हातारा', 'न्हाणे', 'कोल्हा' हे शब्द सहज उच्चारतो. तमिळ लिपीत असा ध्वनी नेमका मांडावयाचा तर पंचाईत होते. घरून आणलेला हा ध्वनी टिकविण्यासाठी या लोकांना वेगळे चिन्ह वापरावे लागले.

लिपीच्या प्रश्नाने मात्र समाजाचा बराच शक्तिक्षय केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टी. एम. राम राय यांनी सौराष्ट्री लिपीचे खिळे पाडून घेऊन मुलांसाठी क्रमिक पुस्तके छापली. विसाव्या शतकात देवनागरीचा पक्ष पुढे आला, आणि व्यवहारात तर शाळेत शिकलेली तमिळ लिपीच बहुतेकांच्या हाती राहिली. एका भाषेची पुस्तके तीन लिप्यांत विखुरली म्हणजे वाचकही तीन वाटांनी फुटतो. मुळात संख्या थोडी, त्यात ही विभागणी!

तरीही या भाषेत रचना झाली, आणि ती प्रामुख्याने भक्तीची व संगीताची. संत त्यागराजांचे पट्टशिष्य वालाजापेठचे वेंकटरमण भागवतर (१७८१ ते १८७४) हे याच समाजातले. गुरूंच्या कृती त्यांनी लिहून ठेवल्या, आणि ती हस्तलिखिते मदुरेच्या सौराष्ट्र सभेत जतन झाली. कर्नाटक संगीताचे केवढे तरी धन रेशीमकारांच्या दप्तरात सुरक्षित राहिले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणास ठाऊक नसते. वेंकटसूरी यांनी सौराष्ट्री भाषेत रामायण रचले. नटनगोपाल नायकी स्वामी (१८४३ ते १९१४) यांची सौराष्ट्री व तमिळ पदे आजही भजनमंडळ्यांत गायिली जातात. तमिळ चित्रपटसृष्टीत ज्यांच्या आवाजाने दोन-तीन पिढ्या मोहविल्या ते टी. एम. सौंदरराजन (१९२२ ते २०१३) यांचीही मायबोली हीच.

भाषा टिकली याचे मुख्य कारण माग घरात होता हे होय. ताणा लावणे, रंग चढविणे, कांड्या भरणे ही कामे सारे कुटुंब मिळून करी, आणि कामाची भाषा तीच घराची भाषा असे. पेढीवर गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव बोलावयास परक्याला न कळणारी बोली सोयीची पडते, हे कापडधंद्यातील कोणासही सांगावयास नको. मदुरेची सुंगुडी साडी ही या समाजाची खास निर्मिती. सुती कापडावर हाताने बारीक बारीक गाठी बांधून ते रंगवावयाचे, आणि गाठी सोडल्या की ठिपक्यांची नक्षी उमटावयाची. कच्छ-काठेवाडच्या बांधणीची ही बहीणच. तिला २००५ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण मिळाले. पण गाठींची मजुरी परवडेनाशी झाल्याने मेणाचे ठसे व छपाई यांनी तोपर्यंत बराच बाजार व्यापला होता. माग घराबाहेर गेला, मुले नोकरीस लागली, आणि तमिळ व इंग्रजीतून शिकलेली पिढी घरी सौराष्ट्री बोलते तरी लिहीत नाही.

२००१ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ८५ हजार लोकांनी ही मातृभाषा नोंदविली. २०११ मध्ये तो आकडा सुमारे २ लाख ४७ हजार झाला. दहा वर्षांत माणसे एक तृतीयांशाने वाढत नसतात. वाढते किंवा घटते ते उत्तर. आपली भाषा तमिळ सांगावी की सौराष्ट्री, हे प्रगणक दारी आल्यावर ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

जपानी विद्वान नोरिहिको उचिदा यांचा सौराष्ट्री-इंग्रजी शब्दकोश १९९० साली जर्मनीत प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये या लिपीला संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले, 'हारु'सह. एप्रिल २०२३ मध्ये गुजरातेत 'सौराष्ट्र तमिळ संगमम्' भरला तेव्हा मदुरेहून खास आगगाड्या निघाल्या आणि पट्टुनूलकारांचे वंशज वेरावळला उतरून सोमनाथाच्या दर्शनास गेले.