जुनी बोर्दो वाइन चाखतात कशी आणि जोखतात कशी?

‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते खरेच वाटू लागते. प्रत्यक्षात जगात तयार होणारी बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत पिऊन टाकण्यासाठी केलेली असते. ती ठेवली तर सुधारत नाही, नुसती शिळी होते. मोजक्याच वाइन वीस-तीस वर्षांनी काही वेगळे आणि मोलाचे देतात. फ्रान्समधील बोर्दोची उंची लाल वाइन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. अशी बाटली उघडताना जाणकाराला एकच गोष्ट शोधायची असते : इतक्या वर्षांनी ही वाइन घडली आहे, की संपली आहे?

बोर्दो हे फ्रान्सच्या नैऋत्येकडील शहर आणि त्याभोवतीचा द्राक्षप्रदेश. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या इथे एकत्र येऊन जिरोंद खाडी बनते. डाव्या काठावरच्या मेदोक भागात गोट्यांची, पाणी झटकन निचरणारी जमीन आहे. तिथे कॅबर्ने सोव्हिन्यॉन या जाड सालीच्या द्राक्षाचा भर असतो. उजव्या काठावर, सेंत-एमिलियों आणि पोमेरोलकडे, मर्लो जास्त. बहुतेक वाइन या आणि कॅबर्ने फ्रां वगैरे जातींचे मिश्रण असते. हेच मिश्रण इतर देशांत केले, की त्याला ‘बोर्दो शैलीची’ वाइन म्हणतात.

ही वाइन टिकते ती मुख्यतः टॅनिन आणि आम्लता यांच्या जोरावर. टॅनिन म्हणजे तुरटपणा : कच्चे केळे किंवा सुपारी चावल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात, तसा. तो द्राक्षाच्या साली आणि बियांमधून येतो, थोडा ओकच्या पिंपांतूनही. वर्षे जातात तसे टॅनिनचे आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि काही तळाशी बसतात. म्हणून जुन्या बाटलीत साका असतो, वाइनचा रंग उतरतो आणि तुरटपणा मऊ होतो. साका हा दोष नव्हे, पण तोंडात आला तर कडवट आणि खरखरीत लागतो.

त्यामुळे बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी. उघडण्यापूर्वी वाइनची पातळी पाहावी. ती बाटलीच्या खांद्याच्याही खाली गेली असेल तर बुचातून हवा आत शिरल्याचा संशय घ्यावा. जुने बूच भुसभुशीत झालेले असते, घाई केली की तुटते. मग मानेमागे दिवा किंवा मेणबत्ती धरून वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओतायची आणि साक्याची रेघ मानेपाशी आली की थांबायचे. तरुण, कडक वाइनला तासभर हवा लागली तर फायदा होतो. तीस वर्षांच्या वाइनचा वास मात्र तेवढ्या वेळात उडूनही जाऊ शकतो. ती गाळून लगेच चाखणे बरे.

बोर्दोची लाल वाइन साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसला देतात. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या जुन्या थंड घरांसाठी होता. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात तो पाळला तर फक्त अल्कोहोल नाकात जाईल. अशीच बाटली शोकेसमध्ये चार उन्हाळे काढून आली असेल, तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

पेला एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि कडेचा रंग पाहा. तरुण वाइनची कड जांभळट असते. ती वयानुसार माणकासारखी लाल, मग विटकरी आणि शेवटी तपकिरी होते. नंतर वास. आधी पेला न हलवता आणि मग हलवून. तरुण कॅबर्नेत काळ्या फळांचा आणि पेन्सिल तासल्यासारखा वास येतो. वयाबरोबर त्यात सिगारचा डबा, चामडे, पावसाळी रानातली ओली पाने असे वास मिसळतात. फळ पूर्ण गेलेले नाही आणि हे नवे वास आले आहेत, ही अवस्था लोक शोधत असतात.

ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बूच बाधले आहे. याला ट्रायक्लोरोअनिसोल नावाचे रसायन कारणीभूत असते आणि हवा देऊन तो वास जात नाही. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा झोंबरा वासही वाईटच. तबेल्यासारखा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे येतो. तो थोडा असेल तर काहींना चक्क आवडतो.

खरा निवाडा तोंडात होतो. घोट जिभेवर सगळीकडे फिरवून तुरटपणा, आंबटपणा आणि फळ यांचा तोल पाहायचा. तुरटपणा विरला पण फळ शिल्लक आहे, म्हणजे वाइन घडली. फळ विरले आणि तुरटपणा तसाच कोरडा राहिला, तर तिची वेळ निघून गेली, मग लेबल कोणाचेही असो. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते, तेही मोजतात.

लेबलाचा मुद्दा गंमतीचा नाही. मेदोकची प्रसिद्ध प्रतवारी १८५५ ची आहे आणि तिचा आधार मुख्यतः तेव्हाचे बाजारभाव हा होता. पहिल्या प्रतीत बढती मिळाली ती एकट्या मुतों-रोतशिल्डला, तीही १९७३ मध्ये. शिवाय नाक डोळ्यांचे ऐकते : २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो विद्यापीठातल्या एका प्रयोगात ५४ जणांना लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. म्हणून गंभीर परीक्षण बाटली झाकून होते.

१९७६ मध्ये पॅरिसमध्ये असेच झाकून परीक्षण झाले आणि परीक्षक फ्रेंच असूनही लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली. या वाइन तरुणपणी आकर्षक असतात, वयात टिकणार नाहीत, असा त्यावर आक्षेप होता. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा झाकून चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाने घेतल्या आणि अव्वल ठरली १९७१ ची रिज माँटे बेलो, जी पॅरिसमध्ये पाचवी आली होती.