पहिला बोर्ड कोणता? आधी थोडा इतिहास

"दादा, पहिला बोर्ड कुठला घेऊ?" हे तुम्ही सारखं विचारता. माझं उत्तर बोरिवलीहून ग्रँट रोडला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये सुरू होतं.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. भडकमकर मार्ग. कॉलेजात असताना आम्ही तिथून ८०५१ आणायचो. इंटेलची ही चिप १९८० ची. कोड टाकायला वेगळा प्रोग्रामर लागायचा आणि तो लॅबच्या कपाटात, कुलुपात! २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरेआत आर्डुइनो जन्मला आणि ते कुलूप निघालं. कॉम्प्युटरला केबल जोडली की काम सुरू.

२०१४ मध्ये ईएसपी८२६६ आली. स्वस्तात वायफाय! मी लगेच घेतली, ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्ट दिले आणि महिन्याचा पॉकेटमनी धुरात गेला.

म्हणून सांगतो, हातात पैसे मोजके असतील तर आधी ऊनो घ्या. त्यातही सॉकेटवाला. चूक झाली आणि चिप उडाली, तर बहुतेक वेळा तेवढीच बदलता येते. मात्र नवी घेताना बूटलोडर टाकलेली मागा. हात बसला की खुशाल ईएसपी३२ कडे वळा. पण वायर जोडण्याआधी व्होल्टेज बघा हं!