अंगणवाडी

वंचित वस्त्यांतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांच्याच पाड्यात किंवा गल्लीत पूर्वप्राथमिक शिक्षण देणारे केंद्र. महाराष्ट्रात या विचाराला आकार दिला तो ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी. १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत फिरकत नसत, कारण घरी धाकटे भावंड सांभाळायचे असे, नाहीतर गुरे राखायची असत. तेव्हा वर्गच अंगणात आणि कुरणात नेला गेला. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. कडेवरचे मूल पाळणाघरात निजले की थोरली बहीण वर्गात बसू शके. माँटेसोरी पद्धतीची महाग साधने परवडणारी नव्हती, त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे आले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. विस्तार झाला तो मुख्यतः आहाराच्या बळावर. सहा सेवांपैकी शिक्षण ही एक. पण वजने, लसीकरण, गृहभेटी, नोंदवह्या हे सारे एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या माथी. वाटलेला आहार मोजून तपासता येतो, सांगितलेली गोष्ट नाही. साहजिकच शिक्षणाच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. उपाशी मुलाला आधी जेवू घाला, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र त्यातून दुसऱ्या शिक्षिकेची गरज सिद्ध होते, शिकवणे मागे ठेवण्याची नव्हे.

वस्तीतली कमी शिकलेली बाई काय शिकवणार, असेही विचारले जाते. तिला मुलाची घरची बोली येते, ते का आले नाही हेही ठाऊक असते; बाहेरच्या पदवीधराला ही माहिती मिळवावी लागते. बाकीचे प्रशिक्षणाने येते. १९९० च्या दशकात मुंबईतील झोपडपट्ट्यांत ‘प्रथम’ या संस्थेच्या बालवाड्या वस्तीतल्याच तरुणींनी, मिळेल त्या जागेत चालवल्या. अर्थात जवळिकीच्या नावाखाली स्वस्त श्रम घेण्याची सोयही सरकारला याच पद्धतीने झाली आहे. सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून अंगणवाडीवर शिक्षणाचा भार आणखी वाढवला आहे. नोंदवह्यांचा भार कोणाकडे द्यायचा, हे आधी ठरवायला हवे होते.