छावणी, कराची आणि इंजिनियर बंधू

उल्हासनगरच्या चौथ्या कॅम्पातील बराकी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारल्या गेल्या. फाळणीनंतर त्यांत सिंधी निर्वासित आले व १९४९ साली वसाहतीस आजचे नाव लाभले. युद्ध आणि सिंध यांचा असाच, पण उलट क्रमाचा संयोग एका पारशी कुटुंबात आढळतो. कराचीत विमानविद्या शिकलेल्या अस्पी इंजिनियर यांनी १९३० साली आगाखान पारितोषिक जिंकले. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे त्यांची अडचण जाणून स्पार्क प्लग देणारे जे. आर. डी. टाटा हे त्याच स्पर्धेतील त्यांचे प्रतिस्पर्धी होते, हे जाता जाता नोंदवण्याजोगे. अस्पींप्रमाणेच मिनू, जंगू व रोनो हे त्यांचे बंधूही हवाई दलात दाखल झाले. अस्पी व मिनू या दोघांनाही डी. एफ. सी. हा सन्मान मिळाला.

या बंधूंना सरसकट ‘बाँबर वैमानिक’ म्हणणे मात्र सैलपणाचे ठरेल. युद्धकाळात भारतीय दलाजवळ जड बाँबफेकी विमाने नव्हतीच. १९४२ साली ब्रह्मदेशात पहिल्या स्क्वाड्रनने टेहळणीच्या लायसँडर विमानांनाच बाँब अडकवून काम भागविले; पुढे सातव्या व आठव्या स्क्वाड्रनांस व्हेंजन्स ही सूर मारून बाँब टाकणारी विमाने मिळाली. लिबरेटर आली ती १९४८ साली, आणि तीही कानपूरच्या मोडीतून पुन्हा उभी केलेली. अस्पी १९६० साली हवाई दलाचे प्रमुख झाले; १९७१ च्या युद्धात पश्चिम हवाई विभागाची सूत्रे मिनूंकडे होती.