एकच चाचणी, दोन दरवाजे : ५० प्रश्न आणि १२ मिनिटांचा इतिहास

१/११
५० प्रश्न आणि १२ मिनिटे. शब्दांचे अर्थ, संख्यांच्या मालिका, छोटे हिशेब. ‘वंडरलिक’ नावाच्या या चाचणीने अमेरिकेत वीज केंद्रातील मजुरांची बढती अडवली आणि फुटबॉलपटूंची बुद्धीही मोजली. पहिला वापर सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली बेकायदेशीर ठरवला. दुसरा मात्र २०२२ पर्यंत टिकला. हे कसे घडले?

२/११
पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली. युद्धानंतर ही पद्धत शाळांत आणि कचेऱ्यांत शिरली. १९३० च्या दशकात एल्डन वंडरलिक यांनी नोकरभरतीसाठी एक आटोपशीर चाचणी तयार केली. वेळ थोडा, खर्च कमी आणि उमेदवाराविषयीचे उत्तर एका आकड्यात. मालकवर्गाला ती आवडली यात नवल नव्हते.

३/११
नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीज केंद्रात कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात काम मिळे. त्या विभागातील सर्वाधिक वेतन इतर विभागांतील किमान वेतनाहूनही कमी होते. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतील वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा अमलात आला. त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतील नव्या नेमणुकांसाठी दोन चाचण्यांची अट घातली. त्यांपैकी एक वंडरलिक होती.

४/११
विली ग्रिग्ज आणि त्यांच्या १२ सहकाऱ्यांनी कंपनीला न्यायालयात खेचले. ८ मार्च १९७१ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेल्या या एकमुखी निकालाचा आशय असा : चाचणी घ्यायची तर ती त्या कामासाठी माणसाची योग्यता मोजणारी हवी, कामाशी संबंध नसलेल्या कसोटीने एखादा समूह बाहेर राहत असेल, तर मालकाचा हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही.

५/११
याच सुमारास ही चाचणी फुटबॉलमध्ये आली. डॅलस काउबॉयजचे प्रशिक्षक टॉम लँड्री हे औद्योगिक अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. नवे खेळाडू निवडताना त्यांनी वंडरलिकचा वापर सुरू केला आणि इतर संघांनी त्यांचे अनुकरण केले. पुढे दरवर्षी निवडीपूर्वीच्या शिबिरात धावण्या-उडी मारण्याच्या नोंदींबरोबर हाही आकडा नोंदवला जाऊ लागला.

६/११
या आकड्याचा सर्वाधिक बोभाटा क्वार्टरबॅकच्या बाबतीत होई. चढाईची सूत्रे हलवणारा हा खेळाडू बुद्धिमान हवा, असे मानले जाई. आणि ही जागा कृष्णवर्णीयांना पेलणार नाही, असेही. १९६८ साली डेन्व्हरकडून मार्लिन ब्रिस्को यांनी १४ टचडाउन पास दिले. तरी पुढच्या वर्षी ती जागा त्यांना मिळाली नाही. १९७८ साली वॉरन मून यांना एकाही संघाने निवडले नाही. ते कॅनडात खेळून परतले आणि २००६ साली ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पोहोचले. अशा जुन्या समजुतीला आता शास्त्रीय वाटणारा आकडा हाताशी होता.

७/११
गुण गोपनीय असत. तरी ते वृत्तपत्रांत झळकत. सरासरी खेळाडूला २० च्या आसपास गुण मिळत. डॅन मरिनो यांचे १५ असल्याचे छापून आले. याच मरिनो यांनी १९८४ च्या हंगामात ५,०८४ यार्डांचे पास पूर्ण केले. तोवर या लीगमध्ये एका हंगामात ५,००० चा टप्पा कोणीही ओलांडला नव्हता.

८/११
उलट टोकाला पॅट मॅकिनॅली. हार्वर्डच्या या विद्यार्थ्याने १९७५ साली ५० पैकी ५० गुण मिळवले. निवड मात्र पाचव्या फेरीत झाली. अतिहुशार खेळाडूही संघचालकांना नकोसा वाटतो, असे त्यांनी पुढे सांगितले. कमी गुण म्हणजे मंद आणि जास्त गुण म्हणजे डोईजड! आकड्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेला असे.

९/११
२००९ साली सातशेहून अधिक खेळाडूंच्या गुणांचा आणि मैदानावरील कामगिरीचा ताळा घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोहोंत जवळजवळ कोणताही संबंध आढळला नाही.

१०/११
२०१२ साली मॉरिस क्लेबोर्न या बचावपटूचे ४ गुण फुटले आणि देशभर त्याची टवाळी झाली. चाचणीत फुटबॉलविषयी काहीच नव्हते, म्हणून आपण ती मनावर घेतली नाही, असे त्याने सांगितले. बर्गर यांनी ४१ वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न नकळत तोच होता : या कसोटीचा कामाशी संबंध काय? लँड्रींच्याच काउबॉयज संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले.

११/११
ड्यूक पॉवरची अट लेखी होती, म्हणून तिला आव्हान देता आले. फुटबॉलमध्ये किमान गुणांचा नियम नव्हता. आकडा बंद खोलीतील चर्चेत वापरला जाई. निवड का हुकली, हे खेळाडूला कळत नसे. मेंदूच्या दुखापतींच्या भरपाईतही कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ आकलनक्षमता कमी धरली जात होती. त्यामुळे झालेली हानी सिद्ध करणे त्यांना अधिक कठीण जाई. ही पद्धत थांबवण्याचे आश्वासन लीगने जून २०२१ मध्ये दिले आणि पुढच्या वर्षी शिबिरातून वंडरलिकही गेली. विली ग्रिग्ज यांच्या विजयाला तेव्हा ५१ वर्षे झाली होती.